कॅरिबियन यॉट चार्टर : ग्रेनाडीन्समधल्या कमी गर्दीच्या जागा

सागरगोटी

मागे भटकंतीच्या गप्पांत मी ग्रेनाडीन्सचा उल्लेख केला आणि तेव्हापासून विचारपुशीत विचारणा चाललीय, कुठे थांबलात, बोट कशी घेतली, गर्दी होती का, पोहता येत नसेल तर चालेल का. सगळ्यांना तेच तेच लिहिण्यापेक्षा धागाच काढते, ज्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं तेही येऊन लिहितील.

कॅरिबियन चार्टर, म्हणजे भाड्याने शिडाची बोट घेऊन फिरणं, म्हटलं की बहुतेक जण ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स गाठतात. बेटं जवळजवळ, मधलं पाणी बऱ्यापैकी शांत, नवख्यालाही झेपतं, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण भर हंगामात तिथल्या नावाजलेल्या खाड्यांत मूरिंग (बोट बांधायचा तयार बोया) मिळावं म्हणून दुपारच्या आत पोचायची जी घाई चालते ती मला सुट्टीत नको होती. ग्रेनाडीन्स त्याच्या बरंच दक्षिणेला, सेंट व्हिन्सेंटपासून ग्रेनाडापर्यंत पसरलेली छोट्या छोट्या बेटांची रांग. वरची बेटं सेंट व्हिन्सेंटच्या देशातली, खालची कॅरिआकू आणि पेटी मार्टिनिक ग्रेनाडाची, म्हणजे भर समुद्रात देशाची हद्द ओलांडायची आणि दोन्हीकडे कस्टम्स-इमिग्रेशन करायचं.

आम्ही मित्रमंडळींनी मिळून कॅटमरान (जोड सांगाड्याची बोट) घेतली, सेंट व्हिन्सेंटच्या ब्लू लगूनमधून, सोबत बोट चालवायला तिथलाच स्किपर. ग्रुपमधल्या एकाकडे सेलिंगचं सर्टिफिकेट आहे, बेअरबोट, म्हणजे स्किपरशिवायची बोट, मिळालीही असती, पण कुठल्या वाऱ्यात कुठली खाडी चालते हे सर्टिफिकेटवर लिहिलेलं नसतं. स्किपरचे दिवसाला दोनशे डॉलरच्या वर जातात आणि त्याचं खाणंपिणं आपल्याकडे, तरी माझ्या मते सगळ्या खर्चातला हाच पैसा सगळ्यात सत्कारणी लागला.

आता मुद्द्याचं. आठवड्याची चार्टर्स बरीचशी शनिवार-रविवारी सुटतात आणि सगळ्यांच्या हातात साधारण एकच कार्यक्रम असतो, पहिली रात्र बेक्वे, मग मुस्टीक किंवा कॅनुआन, मग टोबॅगो केज (रीफने, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने, वेढलेली निर्जन बेटं, सागरी पार्क आहे). म्हणजे आठवड्याच्या मध्यावर अख्खा ताफा टोबॅगो केजमध्ये एकत्र. आम्ही बेक्वेला मुक्काम वाढवला आणि ताफा पुढे जाऊ दिला, एवढ्यानेच निम्मी गर्दी टळली. लोक गुप्त खाड्या शोधत बसतात, पण गुप्त असं काही उरलेलं नाही, सगळं चार्टवर आहे. फरक पडतो तो कधी पोचता आणि किती वेळ हलत नाही याचा.

बेक्वेत सगळ्या बोटी अ‍ॅडमिरल्टी बेमध्ये असतात, पोर्ट एलिझाबेथ गावासमोर. तिथेच थोडं दक्षिणेला लोअर बे आहे, तिथून गाव चालत, आणि गावातल्या बारचे आवाज पोचत नाहीत. दिवसा बेटाच्या दक्षिणेचं पेटी नीव्हिस बघून या. ओसाड बेट आहे. बेक्वेच्या लोकांना आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशनने वर्षाला चार हंपबॅक मारायची परवानगी दिलीय, पारंपरिक शिकार म्हणून, आणि पूर्वी व्हेल ओढून आणून कापायचे ते याच पेटी नीव्हिसवर. व्हेलची चरबी उकळायच्या भट्टीचे अवशेष अजून आहेत. आमच्यात यावरून बोटीवर जोरदार वाद झाला, स्किपर मात्र शांतपणे चहा पीत बसला होता, त्याचे आजोबा त्या होड्यांवर होते.

कॅनुआनला महागडी मरिना आहे, ती सोडून बेटाच्या पश्चिमेला चार्ल्सटाउनच्या वर रॅमो बे आहे तिथे थांबलो. किनाऱ्यावर काहीच नाही. हॉटेल नाही, बार नाही, फोनला रेंज कधी असते कधी नसते. डोंगरावरून वाऱ्याचे झोत खाली येतात त्यामुळे नांगर नीट बसला पाहिजे. स्किपरने खोलीच्या पाचपटीपेक्षा जास्त साखळी सोडली, इंजिन रिव्हर्समध्ये टाकून ताण दिला आणि मग मास्क लावून स्वतः खाली जाऊन बघून आला. मीही गेले मागोमाग. नांगराचं पातं वाळूत पूर्ण गाडलं गेलेलं, फक्त दांडा वर, आणि साखळीच्या बाजूने एक चपटा मासा वाळू झटकत निघून गेला. ते बघितल्यावर रात्री झोप चांगली लागते.

मायरो हे ग्रेनाडीन्समधलं सगळ्यात लहान वस्तीचं बेट, तीनेकशे माणसं. उत्तरेच्या सॉल्टव्हिसल बेमध्ये सगळे जातात. आम्ही दक्षिणेकडच्या सलीन बेमध्ये नांगर टाकला आणि गाव चढून वर गेलो. चढ दमवणारा आहे, वर दगडी कॅथलिक चर्च, आणि त्याच्या मागून टोबॅगो केजचा सगळा रीफ दिसतो, निळ्याच्या कितीतरी छटा एका नजरेत.

टोबॅगो केज स्वतः टाळू नका, गर्दी असली तरी. दिवसाच्या सहलीच्या बोटी सकाळी येतात आणि दुपारनंतर परततात. मुक्कामी असलात तर सकाळी आठच्या आत तिथल्या बॅराडल बेटाजवळच्या कासवांच्या पट्ट्यात पाण्यात उतरा. कासव समुद्री गवत चरत असतं, प्रत्येक घासाला वाळूचा लहानसा ढग उठतो, मधेच ते आपल्या बाजूनेच वर येतं, श्वास घेतं आणि परत खाली. आपल्याकडे बघतही नाही. हात लावायचा नाही, पाठलाग करायचा नाही, पार्कवाले लक्ष ठेवून असतात आणि ठेवायलाच पाहिजे.

आणि मग माझी सगळ्यात आवडती जागा, युनियन बेटाच्या पश्चिमेची चॅटम बे. क्लिफ्टन बंदर बेटाच्या पलीकडच्या बाजूला, त्यामुळे वर्दळ तिकडेच राहते. चॅटमला मोठी खाडी, मागे जंगलाचा डोंगर, किनाऱ्यावर स्थानिक लोकांचे दोन-चार झोपडीवजा बार, तिथेच भाजलेला मासा. पेलिकन धाडकन पाण्यात पडून मासे उचलतात. मागच्या जंगलात एक रंगीत पाल आहे, युनियन आयलंड गेको, जगात फक्त तिथेच सापडते, बोटाच्या दोन पेरांएवढी. 2005 मध्ये शास्त्रज्ञांनी तिची नोंद केली आणि लगेच पाळणाऱ्यांसाठी तस्करी सुरू झाली, म्हणून आता पहारा असतो. आम्हाला दिसली नाही, उगाच दगड उलटे करत फिरूही नये.

बाकी कॅरिआकू, कस्टम्स वगैरे प्रतिसादात लिहिते, हात दुखले.

चहाबाज

भारी! वाचनखूण साठवली. कासवांचं वाचून आत्ताच निघावंसं वाटलं, पण बजेट बघता पुढच्या जन्मी. साधारण आकडा सांगाल का?

सागरगोटी

चहाबाज, हंगामात चार केबिनची कॅटमरान आठवड्याला आठ-दहा हजार डॉलर सहज होते, वर स्किपर, डिझेल, जेवण, पार्क फी. चार जोडप्यांत विभागलं तर त्या बेटांवरच्या बऱ्या हॉटेलपेक्षा फार जास्त पडत नाही, पण स्वस्त बिलकुल नाही. डिसेंबरचा शेवटचा आठवडा सोडून बाकी कधीही घ्या, त्या आठवड्यात भाव वेडे असतात.

बंदररोड

छान लिहिलंय. मी बरीच वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, आता रत्नागिरीत असतो, मुलगा फ्लोरिडात असल्यामुळे त्याच्यासोबत या भागात शिडाच्या बोटीवर फिरणं झालंय. एक गोष्ट आवर्जून सांगतो. एखादी खाडी हंगामात रिकामी दिसली तर आधी विचारायचं की रिकामी का. बहुतेक वेळा कारण असतं. एक तर स्वेल, म्हणजे दूरवरून येणाऱ्या लांब लाटा, आत येतो, नाहीतर डोंगरावरून झोत येतात, नाहीतर तळ प्रवाळाचा किंवा गवताचा असून नांगर धरत नाही.

तिथे वारा वर्षभर पूर्वेकडून, व्यापारी वारे. म्हणून थांबायचं ते बेटाच्या पश्चिमेला, आडोशाला. हिवाळ्यात मात्र उत्तर अटलांटिकमध्ये दूर कुठेतरी वादळ होतं आणि त्याचा लांब पल्ल्याचा स्वेल दोन-तीन दिवसांनी इथे पोचतो, उत्तरेकडून, आणि बेटांना वळसा घालून बरोबर त्याच पश्चिमेच्या खाड्यांत शिरतो. वारा नाही, आभाळ स्वच्छ, आणि रात्रभर बोट आडवी डोलतेय, कपाटातली भांडी खणखणतायत. अंदाज बघताना नुसती लाटेची उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंद बघा. बारा-चौदा सेकंद दिसले की उत्तरेला तोंड असलेली खाडी त्या रात्री विसरा. सॉल्टव्हिसल, कॅरिआकूची आन्स ला रोश, रोंड बेट, सगळ्यांना हा नियम लागू.

डिसेंबर-जानेवारीत ख्रिसमस विंड्स म्हणतात ते असतात, वीस-पंचवीस नॉट आठवडाभर, कधी त्याहून जास्त. बेटांमधल्या मोकळ्या पाण्यात तेव्हा चांगलंच उसळतं. बेक्वे ते कॅनुआन हा वीसेक सागरी मैलांचा पट्टा आहे, तिथे नवख्यांची पोटं ढवळतात.

अळूवडी

बंदररोडकाका, तुमचे प्रतिसाद म्हणजे फुकटचा क्लास असतो :)

माझा प्रश्न अगदी बाळबोध. सासूबाई सत्तरीच्या आहेत, पोहता येत नाही, गुडघे कुरकुरतात, पण हौस दांडगी. नेऊ का? आणि त्या पूर्ण शाकाहारी आहेत, हेही आहे.

सागरगोटी

अळूवडी, बोटीवर राहायला काहीच अडचण नाही, कॅटमरान फार कलंडत नाही, मागे रुंद पायऱ्या असतात. अडचण येते डिंगीतून, म्हणजे बोटीसोबतच्या छोट्या होडीतून, किनाऱ्यावर उतरताना. बहुतेक शांत जागी जेटी नाही, वाळूवर उतरायचं, गुडघाभर पाण्यात. लाट ओसरली की पटकन उतरायचं आणि डिंगी व किनारा यांच्या मध्ये उभं राहायचं नाही, मागून लाट आली की डिंगी अंगावर येते. आमच्यातल्या एका काकूंना आम्ही दोन्ही बाजूंनी धरून उतरवायचो आणि त्या दर वेळी गणपती बाप्पा मोरया म्हणायच्या, किनाऱ्यावरची पोरंही शेवटी मोरया म्हणायला लागली. बेक्वे, क्लिफ्टन, मायरोची सलीन बे, कॅरिआकूचं हिल्सबरो इथे जेटी आहेत, तिथे त्यांना उतरवा, बाकी ठिकाणी त्या डेकवर पुस्तक वाचतील.

उलटीसाठी अ‍ॅव्होमिन भारतातून न्या, निघायच्या आधी अर्धा-एक तास घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग कमी. झोप येते त्याने. सत्तरीच्या आहेत तर डॉक्टरांना विचारूनच.

केळीच्या_बनात

शाकाहारी जेवणाचं मी सांगते, कारण आम्ही बोटीवर सगळं स्वतःच रांधलं. तिथल्या बाजारात गेलात की तुम्हाला कोकणातल्या परसात उभं असल्यासारखं वाटेल. नीरफणस ढिगाने. कॅप्टन ब्लाय 1793 मध्ये पॅसिफिकमधून नीरफणसाची रोपं घेऊन सेंट व्हिन्सेंटला उतरला, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खायला घालायला, आणि किंग्जटाउनच्या बोटॅनिक गार्डनमध्ये त्या मूळ रोपाचा वंशज म्हणून एक झाड दाखवतात. बाग 1765 ची आहे, त्या गोलार्धातली सर्वात जुनी म्हणतात. चार्टर सुरू व्हायच्या आधी किंग्जटाउनमध्ये वेळ मिळाला तर जरूर जा, फार कोणी फिरकत नाही.

तर नीरफणसाचे काप केले, तांदळाचं पीठ, तिखट, हळद, घरून नेलेलं. बोटीचा गॅस झोके घेत राहतो म्हणजे बोट हलली तरी भांडं सपाट राहतं, पण नांगरावर असतानाच तळा, चालत्या बोटीत उकळतं तेल नको. आमचा स्किपर आधी बघत राहिला, मग एकट्याने ताटलीभर खाल्ले. त्यांच्याकडे अख्खा नीरफणस निखाऱ्यांवर काळाकुट्ट होईपर्यंत भाजतात, देठातून वाफ यायला लागली की झाला, वरचं साल काढून आत लोण्यासारखा. तोही अप्रतिम.

त्यांचं कॅललू म्हणजे चक्क अळूची पानं, नारळाच्या दुधात. ओल्या तुरीचे दाणे भातात घालतात. आणि रोटी तर आहेच, बटाटा-चण्याची रोटी मागा, मांसाहारी रोटीच्या शेजारीच बनत असते, सासूबाईंना ते आधी सांगा. ही रोटी आली गिरमिटियांबरोबर, म्हणजे कराराने नेलेल्या भारतीय मजुरांबरोबर. सेंट व्हिन्सेंटला पहिलं जहाज 1 जून 1861 ला मद्रासहून आलं, ग्रेनाडाला 1857 मध्ये. बाजारातल्या एका म्हातारबाईंनी मला विचारलं, तुम्ही पण आमच्यासारख्या का, आणि त्यांचं आडनाव काहीतरी दक्षिणेकडचं होतं, उच्चार पार बदललेला. मग एक मामफळ असंच हातावर ठेवलं.

चहाबाज

नीरफणसाचे काप वाचून बजेटचा विचार परत करतोय.

निवांत_नाना

लेख चांगला आहे पण एक खटकलं. अशा शांत जागा जाहीर लिहिल्या की त्या शांत राहत नाहीत. आमच्या कोकणातले किनारे याच पद्धतीने हातचे गेले. निदान नावं तरी गाळायची होती.

सागरगोटी

नाना, समजू शकते. पण ही नावं तिथल्या प्रत्येक पायलट बुकात, म्हणजे बोटवाल्यांच्या मार्गदर्शक पुस्तकात, छापलेली आहेत, माझ्या मराठी धाग्यामुळे चॅटम बेमध्ये गर्दी उसळेल असा माझा गैरसमज नाही. आणि सध्या तिथल्या लोकांना माणसं यायला हवी आहेत. 1 जुलै 2024 ला हरिकेन बेरिल कॅरिआकूवरून गेलं, कॅटेगरी चार. युनियन बेटावर नव्वद टक्के घरं पडली किंवा मोडली असं त्यांच्या तेव्हाच्या पंतप्रधानांनी सांगितलं होतं. मायरो, पेटी मार्टिनिक, सगळीकडे तीच गत. जुने फोटो बघून गेलात तर सॉल्टव्हिसलची माडांची रांग शोधत बसाल. पुढे जे जाणार आहेत त्यांनी त्या त्या बेटावर काय सुरू झालंय, काय नाही, हे निघण्याआधी चार्टरवाल्यांना विचारा आणि पाणी, ब्रेड, मासे, बर्फ शक्य तेवढं त्या छोट्या बेटांवरच घ्या. सगळं सामान सेंट व्हिन्सेंटच्या सुपरमार्केटमधून भरून नेलं तर युनियनच्या बाईच्या भाजीच्या टपरीला तुमच्या येण्याचा काय उपयोग.

निवांत_नाना

हे मान्य. मागे घेतो.

बंदररोड

बेरिलमध्ये कॅरिआकूच्या टिरेल बेच्या खारफुटीत शेकड्याने बोटी बांधून ठेवल्या होत्या, पिढ्यानपिढ्या तीच सुरक्षित जागा मानली जायची. त्यांचीही वाताहत झाली. समुद्रात हमखास असं काही नसतं. म्हणूनच जून ते नोव्हेंबर तिकडे जाऊ नका, स्वस्त मिळालं तरी, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर तर नाहीच.

कॅरिआकूला जाल तेव्हा विंडवर्ड नावाचं गाव बघा, बेटाच्या ईशान्येला. स्कॉटिश होडीवाल्यांचे वंशज, अजूनही किनाऱ्यावर, नकाशा-बिकाशा न करता, नजरेच्या मापाने लाकडी स्लूप (एका डोलकाठीच्या शिडाच्या होड्या) बांधतात. 2023 मध्ये युनेस्कोने कॅरिआकू आणि पेटी मार्टिनिकच्या या होडीबांधणीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मी गेलो तेव्हा एका होडीच्या फासळ्या उभ्या होत्या, नैसर्गिक वळणाच्या फांद्या शोधून आणून बसवलेल्या, कोकणातले सुतारही वाकाचं लाकूड असंच निवडतात. तासभर बोलत बसलो, त्याच्या तासणीची धार बघून हेवा वाटला.

टोरांटोकर

थोडं अवांतर, ग्रेनाडीन्स नाही पण शांततेचाच विषय आहे म्हणून. अँटिग्वाहून चार्टर घेतलंत तर बार्बुडा. अँटिग्वाच्या उत्तरेला साधारण तीस मैल. सपाट बेट, जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, आणि भोवती रीफ, म्हणून काही कंपन्या स्किपरशिवाय जाऊ देत नाहीत. पश्चिमेचा किनारा मैलोन्मैल, आम्ही होतो तेव्हा नजर पोचेल तिथवर दुसरी बोट नाही. कॉड्रिंग्टन लगूनमध्ये फ्रिगेट पक्ष्यांची प्रचंड मोठी वसाहत, खारफुटीवर नर लाल फुगा गळ्याशी फुगवून बसलेले, तिथे फक्त स्थानिक गाइडच्या होडीतून जायचं. 2017 च्या हरिकेन इर्मानंतर हे अख्खं बेट रिकामं करावं लागलं होतं.

आणि ग्वाडलूपची ले सेंट, गर्दी असते पण दिवसाची, शेवटची फेरी गेली की गाव तुमचं. फेरीच्या धक्क्यावर बायका खोबऱ्याचे छोटे गोड टार्ट विकतात, सकाळी लवकर घ्या, संपतात.

ऋतुगंधा

माझी भाची ग्रेनाडाला सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटीत मेडिकलला आहे, त्या निमित्ताने आम्ही तिकडूनच छोटं चार्टर केलं. ग्रेनाडाच्या दक्षिण किनाऱ्यावर हॉग आयलंडच्या मागे खारफुटीत नांगर टाकून राहता येतं, पाणी तळ्यासारखं, वर्षानुवर्षं बोटीवर राहणारे लोक तिथे भेटतात, एक जण संध्याकाळी डिंगीतून केळी घेऊन आला आणि दोन तास गप्पा मारून गेला. रविवारी मात्र तिथे बार्बेक्यू असतं, शांतता हवी असेल तर रविवार सोडून.

काही सूचना, ज्या आम्हाला कोणी दिल्या नव्हत्या. लष्करी नक्षीचे कपडे, टोपी, बॅग काहीही नेऊ नका, या देशांत सामान्य माणसाने ते वापरणं गुन्हा आहे, माझ्या नवऱ्याची लाडकी कार्गो पँट बॅगेतच राहिली. किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, हिरवी लहान सफरचंदं लागतात, फळ खायचं नाही, चीक लागू द्यायचा नाही आणि पाऊस आला म्हणून त्याच्याखाली उभंही राहायचं नाही, अंगावर फोड येतात. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा मारलेला असतो, सगळीकडे नाही. संध्याकाळी वारा पडला की वाळूवर बारीक माश्या चावतात, त्या दिसतही नाहीत, पायाला तेल चोपडून जा. डिंगी रात्री पाण्यात सोडू नका, वर उचलून कुलूप.

आणि रोंड बेटाच्या पश्चिमेला समुद्राखाली किक एम जेनी नावाचा ज्वालामुखी आहे, जिवंत. 1939 पासून त्याच्या उद्रेकांची नोंद आहे. त्याच्याभोवती दीड किलोमीटरचा वर्तुळाकार भाग कायम टाळायचा, इशारा वाढला की पाच किलोमीटर. कॅरिआकूहून ग्रेनाडाला येताना मार्ग त्याच्या जवळून जातो, निघताना इशाऱ्याची पातळी बघा.

अळूवडी

बापरे, ज्वालामुखीवरून बोट?? हे सासूबाईंना सांगणार नाही. कस्टम्सचं राहिलं बघा सागरगोटी.

सागरगोटी

हो, लिहिते. नव्या देशात शिरलात की पिवळा झेंडा लावायचा, स्किपर सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन एकटा जातो, बाकीच्यांनी तोवर बोटीवरच थांबायचं. आधीच्या देशाचं क्लिअरन्स हातात लागतं, म्हणजे युनियनच्या क्लिफ्टनला बाहेर पडल्याचं करून मग कॅरिआकूला हिल्सबरो किंवा टिरेल बेमध्ये आत आल्याचं. मायरोला किंवा टोबॅगो केजला हे होत नाही. दुपारी जेवायच्या वेळेला गेलात तर थांबावं लागतं, वीकएंडला ओव्हरटाइमचे पैसे. पेटी सेंट व्हिन्सेंट आणि पेटी मार्टिनिक एकमेकांसमोर हाकेच्या अंतरावर आहेत आणि देश वेगवेगळे, डिंगीने सहज पलीकडे जावंसं वाटतं, जाऊ नका.

पैसे ईस्टर्न कॅरिबियन डॉलरमध्ये, एका अमेरिकन डॉलरला 2.70, 1976 पासून हाच दर बांधलेला. छोट्या बेटांवर रोख ठेवा, सुट्टे ठेवा.

भारतीय पासपोर्टवाल्यांना खरी अडचण वाटेतल्या विमानाची. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. बेटांचे नियम त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर बघून घ्या, बदलत असतात.

कॅरिआकूत सँडी आयलंड प्रसिद्ध आहे, वाळूचा पट्टा आणि भोवती रीफ, संरक्षित आहे, मूरिंग घ्यायचं, नांगर टाकायचा नाही. बोटींची गर्दी वाटली तर बेटाच्या दक्षिणेला व्हाइट आयलंड आणि सलीन आयलंड आहेत, दिवसाला थांबायला छान, रात्री नको, आडोसा कमी. युनियनच्या अ‍ॅश्टनसमोर फ्रिगेट आयलंड आहे त्याच्या आडोशालाही आम्ही थांबलो. तिथल्या लगूनमध्ये नव्वदच्या दशकात मरिना बांधायला घेतली, मध्येच पैसे संपले, अर्धवट बांध तसाच राहिला आणि पाणी कोंडून खारफुटी मरायला लागली. वीसेक वर्षांनी एका स्थानिक संस्थेने बांधाला खिंडारं पाडून पाणी खेळतं केलं. आता तिथे कयाकने फिरता येतं, बगळे दिसतात, पर्यटक जवळपास नाहीत.

टोरांटोकर

सेंट व्हिन्सेंटहून खाली जाऊन परत वर, की एकाच दिशेने ग्रेनाडाला सोडायची बोट?

बंदररोड

एकाच दिशेने, वरून खाली. जाताना वारा बाजूने, मजेत. येताना तो पुढे सरकतो, नाकासमोर लाटा घेत यावं लागतं, शिवाय प्रवाह पश्चिमेला ढकलतो. एकतर्फी सोडायचे जादा पैसे घेतात, पण शेवटचे दोन दिवस इंजिन लावून आपटत येण्यापेक्षा ते दिलेले बरे. परतच यायचं असेल तर कॅरिआकू वगळा आणि युनियनवरून वळा, वेळ मिळेल.

चहाबाज

ठरलं, पुढच्या वर्षी मे महिना. मुलांची सुट्टी, वारा कमी, दर उतरलेले. आणि लॉबस्टर खायचाच, केळीच्या_बनात यांनी फक्त पालेभाज्या सांगितल्या.

केळीच्या_बनात

मे चांगलाच, पण सेंट व्हिन्सेंटच्या पाण्यात लॉबस्टर 1 मे ते 31 ऑगस्ट बंद. कोणी होडीतून आणून दिला तरी घेऊ नका, दंड होतो. भाले-बंदूक घेऊन मासे मारायलाही पाहुण्यांना मनाई आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बसवा, नाहीतर काप आहेतच.

चहाबाज

शाळा 30 एप्रिलला संपते हो. बायकोला विचारून सांगतो.